सार्जंट जॉर्डनचं पदक

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज मी एका घोडेस्वाराची गोष्ट सांगणार आहे. घोडेस्वार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं चौकातला पुतळा उभा राहतो. हातात तलवार, घोड्याचे पुढचे पाय हवेत, खाली संगमरवरी पाटी. त्या पाटीवर आपलं आडनाव कधी सापडतं का, बघा. आपण त्या चित्रात कुठं असतो? घोड्याच्या मागं, लीद उचलायला. नाहीतर घोड्याच्या पुढं, वाट मोकळी करत पळायला.

घोडा हे आपल्याकडं जनावर नाही, जात आहे. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगड पडल्याच्या बातम्या राजस्थानातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून अजून येतात. लग्नाच्या घोड्याला पोलीस बंदोबस्त लागतो. २०१८ साली भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. घोडा पाळला, घोड्यावर बसला, एवढाच त्याचा गुन्हा, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. जमिनीवरून चालणारा माणूस घोड्यावर बसला की त्याचं डोकं दोन-तीन हात वर जातं, बस्स. तेवढ्या उंचीसाठी माणसं मारतात.

म्हणून मी गोष्ट आणलीय ती लांबची, अमेरिकेतली. गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसाची. त्याचं नाव जॉर्ज जॉर्डन. नाइन्थ कॅव्हलरी, के ट्रूप. देशाचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्याच्या छातीवर होतं. नुसता अभिमान वाटावा म्हणून ही गोष्ट सांगत नाही. अभिमान वाटेल, नाही असं नाही. पण पुढं एक काटा आहे. तो टोचला पाहिजे, तरच आजचं बोलणं कामाचं.

जॉर्डन जन्मला टेनेसी राज्यात, विल्यमसन काउंटीत, १८४७च्या सुमारास. 'सुमारास' असंच म्हणावं लागतं. १८५० आणि १८६०च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी केली गेली. त्या यादीत मालकाचं नाव असायचं. खाली गुलामांचे नुसते आकडे : वय अमुक, बाई की पुरुष, रंग काळा. नावाचा रकानाच नाही. गोठ्यातल्या गुरांची मोजदाद करावी तशी माणसांची मोजदाद. आपल्या आज्याला विचारा, तुझा जन्म कधीचा? तो म्हणायचा, प्लेगच्या साली, नाहीतर मोठ्या दुष्काळात. आपल्या माणसांची तारीख सरकार ठेवत नव्हतं. आपली तारीख रोगराई ठेवत होती.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. उत्तरेच्या बाजूनं सुमारे १,८०,००० काळे शिपाई लढले. १८६५च्या डिसेंबरात घटनेत तेरावी दुरुस्ती आली आणि गुलामी कायद्यानं संपली. कायद्यानं संपली म्हणजे काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडं सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपली, तशी.

जमीन कुणी दिली नाही. कापसाचं रान मालकाचंच राहिलं. काल साखळीनं बांधलेला माणूस आता कर्जानं बांधला गेला. अशा वेळी, २८ जुलै १८६६ रोजी, अमेरिकेच्या काँग्रेसनं कायदा केला की कायम फौजेत काळ्यांच्या सहा रेजिमेंटा उभ्या कराव्यात. चार पायदळाच्या आणि दोन घोडदळाच्या, नाइन्थ आणि टेन्थ कॅव्हलरी. शिपाई काळे आणि अधिकारी गोरे. पगार मात्र गोऱ्या शिपायाइतकाच. आणखी एक गोष्ट त्या कायद्यात होती, ती ध्यानात ठेवा. दर काळ्या रेजिमेंटला एक पाद्री द्यायचा आणि त्यानं शिपायांना लिहावाचायला शिकवायचं. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत पाच-सात वर्षांपूर्वीपर्यंत गुलामाला अक्षर शिकवणं हा गुन्हा होता. मनुस्मृती फक्त संस्कृतातच लिहिलेली नसते, दोस्तांनो.

त्याच वर्षी, नाताळच्या दिवशी, नॅशव्हिलमध्ये जॉर्डन भरती झाला. वय एकोणीसच्या आसपास. अंगानं लहानखुरा. आधी पायदळात, अडतिसाव्या रेजिमेंटमध्ये. १८७०च्या जानेवारीत तो घोडदळात आला. नाइन्थ कॅव्हलरी तेव्हा टेक्सासच्या सरहद्दीवर होती.

इथं क्षणभर थांबा आणि आपल्याकडचं साल आठवा. १८७३ साली पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली कुणाला? गुलामांची मुक्तता करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. जोतीराव पुण्यात बसून त्या मुक्तीला सलाम करत होते, तेव्हा त्या मुक्तीतून निघालेला एक पोरगा टेक्सासच्या धुळीत घोडा हाकत होता. एकमेकांचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण लढा एकच होता. मी याला आपलं नातं म्हणतो.

फौजेतच जॉर्डन लिहायला-वाचायला शिकला. याचा अर्थ नीट समजून घ्या. सार्जंटला हजेरीपट लिहावा लागतो, दाणागोट्याचा हिशेब ठेवावा लागतो, रिपोर्ट पाठवावा लागतो. ज्याला अक्षर येतं तोच वर चढतो. जॉर्डन चढला. १८७९ साली तो सार्जंट झाला. काळ्या माणसाची वरची हद्द तिथंच होती. त्यावर कमिशन, आणि कमिशन गोऱ्याचं.

हेन्री फ्लिपर नावाचा एक काळा तरुण १८७७ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून पास होऊन निघाला. असा तो पहिलाच. टेन्थ कॅव्हलरीत लेफ्टनंट झाला. पाच वर्षांत, १८८२ साली, कोर्टमार्शल करून त्याला बडतर्फ केलं. अफरातफरीच्या आरोपातून सुटला, तरी अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन म्हणून काढलाच. १९४० साली तो मेला. राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली १९९९ साली. मेल्यावर एकोणसाठ वर्षांनी माफी. अन् माफी कुणी कुणाची मागायची, हा प्रश्न वेगळाच.

काळ्या रेजिमेंटांतून पळून जाणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. इतिहासकार याला निष्ठा म्हणतात. मी विचारतो, पळून जाणार कुठं? गोरा शिपाई पळाला तर सोन्याच्या खाणीवर जाईल, रान घेईल, नाव बदलेल. काळा शिपाई पळाला तर कातडी कशी बदलेल? त्याला पोट भरायला, अक्षर गिरवायला आणि ताठ उभं राहायला जागा म्हणजे ती पलटणच. आपल्या आज्या-पणज्यांना ही निष्ठा चांगली ठाऊक आहे.

आता लढाई. १८८० सालचा मे महिना, न्यू मेक्सिको. डोंगराळ मुलूख, पाणी कमी. सार्जंट जॉर्डन २५ शिपायांची तुकडी घेऊन रसदीच्या गाड्यांबरोबर चालला होता. वर गोरा अधिकारी कुणी नाही, सगळी मदार त्याच्यावर. दिवसभराची चाल झालेली, माणसं थकून पाय जड झालेली. संध्याकाळी निरोप आला की अपाची टोळ्या टुलारोसाच्या वस्तीवर चालून येताहेत. वस्तीत बायका-पोरं आहेत. जॉर्डननं हुकूम सोडला नाही. आपल्या माणसांना विचारलं. माणसं म्हणाली, चला, जमेल तिथवर जाऊ. रात्रभर चालून तुकडी सकाळी टुलारोसाला पोचली. मोडक्या जुन्या किल्ल्याच्या आधारानं त्यांनी लाकडाचा कोट उभा केला, वस्तीतली माणसं आत घेतली. १४ मेच्या संध्याकाळी हल्ला आला. शंभराहून जास्त अपाची होते आणि हे फक्त पंचवीस. हल्ला परतला. वस्ती वाचली.

पुढल्या वर्षी, १२ ऑगस्ट १८८१ला, कारिझो कॅनियनमध्ये दुसरी लढाई झाली. १९ जणांची तुकडी, तिची उजवी बाजू जॉर्डनकडं. आडोसा नाही, समोरून गोळ्या. जॉर्डन जागचा हलला नाही. तो हलला असता तर तुकडी घेरली जाऊन कापली गेली असती. या दोन लढायांसाठी ७ मे १८९० रोजी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. पहिल्या लढाईनंतर दहा वर्षांनी. त्या सरहद्दीवरच्या लढायांत १८ काळ्या शिपायांना हे पदक मिळालं, त्यातला हा एक.

टाळ्या वाजवायच्या तर वाजवा. पण आता तो काटा.

टुलारोसावर चालून आलेले हे अपाची कोण होते? त्यांचा पुढारी होता व्हिक्टोरिओ. ओहो कालिएंते, म्हणजे ऊन पाण्याचे झरे, ही त्याच्या लोकांची भूमी. त्यांचं मागणं एवढंच होतं की आम्हाला आमच्या झऱ्यांपाशी राहू द्या. सरकारनं १८७२ साली त्यांना उचलून टुलारोसाला नेलं. होय, त्याच टुलारोसाला! जॉर्डननं ज्या किल्ल्याच्या आधारानं कोट उभा केला, तो किल्ला या लोकांवर पहारा ठेवायलाच बांधला होता. दोन वर्षांनी त्यांना झऱ्यांकडं परत सोडलं. १८७७ साली पुन्हा उचललं आणि ॲरिझोनात सान कार्लोसच्या राखीव जागेत नेऊन टाकलं. तिथं ऊन, ताप, उपासमार आणि ज्यांच्याशी पटत नाही अशा टोळ्यांची गर्दी. व्हिक्टोरिओ तिथून निघाला. परत पाठवायची धमकी पुन्हा आली, तेव्हा १८७९ साली त्यानं बंदूक उचलली. १८८०च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या हद्दीत, त्रेस कास्तियोसला, मेक्सिकन फौजेनं त्याला आणि त्याच्या माणसांना घेरून मारलं. बायका-पोरं धरून नेली. कारिझो कॅनियनमध्ये समोर होता तो नाना, व्हिक्टोरिओच्याच लोकांतला म्हातारा लढवय्या. मेलेल्या भावांचा सूड घेत फिरत होता.

म्हणजे हिशेब असा की ज्याची माणसं जमिनीवरून उचलून जहाजात कोंबून आणली, त्याच्या हातात बंदूक दिली. आणि ज्याची जमीन काढून घेतली, त्याच्या छातीवर ती रोखायला लावली. बंदूक देणारा तिसराच. तो लढाईत दिसत नाही. तो मागाहून येतो. सर्व्हेचं टेबल, रेल्वेचा रूळ आणि जमिनीचा सातबारा घेऊन.

त्या मैदानी मुलखातल्या टोळ्यांनी या काळ्या शिपायांना 'बफेलो सोल्जर' नाव दिलं, असं सांगतात. बफेलो म्हणजे तिकडचा रानगवा. त्यांच्या कुरळ्या केसांवरून म्हणे. नाव आदरानं दिलं की चेष्टेनं, यावर पंडितांचा वाद चालतो. मला त्यात रस नाही. मला एवढंच दिसतं की रानगवा आणि त्याच्यावर जगणारी टोळी, दोघांनाही एकाच काळात, एकाच हातानं संपवलं.

मग जॉर्डनला काय म्हणायचं? शूर, की भाडोत्री? आपल्यातले काही मित्र लगेच निकाल देतील. एकजण म्हणेल, तो आमचा हिरो, त्याचं पोस्टर लावा. दुसरा म्हणेल, साम्राज्याचा कुत्रा, विषय संपला. दोन्ही निकाल पंख्याखाली बसून दिलेत. त्या रात्री टुलारोसाच्या कोटात बायका-पोरं होती. त्यांना वाचवायला थकलेली माणसं रात्रभर चालली, ही खरी माणुसकी आहे. आणि समोरून चालून येणाऱ्यांचं घर त्याच मातीत होतं, हेही तितकंच खरं. यातलं एक सत्य सांगून दुसरं खाऊन टाकायचं, हा धंदा प्रस्थापितांचा आहे. आपण तो करायचा नाही.

पदकाचं मोलही नीट पाहू. २९ डिसेंबर १८९०, वुंडेड नी. सेव्हन्थ कॅव्हलरीनं, म्हणजे गोऱ्या रेजिमेंटनं, लकोटा लोकांच्या तळाला वेढा घातला. हत्यारं काढून घ्यायला सुरुवात झाली होती. गोळीबार झाला. अडीचशेहून जास्त माणसं मेली, त्यात बायका, म्हातारी, अंगावरची पोरं. या 'लढाई'साठी सुमारे २० मेडल ऑफ ऑनर वाटली गेली. तेच पदक, तीच फीत. ती परत घ्या म्हणून मूळ निवासी पिढ्यान्‌पिढ्या मागणी करत आले. २०२५ साली अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यानं जाहीर केलं की पदकं परत घेतली जाणार नाहीत. म्हणजे पदक हे धातूचंच. कोट राखणाऱ्यालाही तेच आणि तान्ह्या पोरावर गोळी घालणाऱ्यालाही तेच. शौर्य ज्याचं त्याच्याजवळ असतं. पदकावर शिक्का असतो देणाऱ्याचा.

आणि देणाऱ्यानं जॉर्डनचं पुढं काय केलं, ते ऐका.

जॉर्डन के ट्रूपचा फर्स्ट सार्जंट झाला. नोकरीची तीस वर्षं भरून १८९७ साली नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनवरून रिटायर झाला. किल्ल्याला लागूनच क्रॉफर्ड नावाचं गाव आहे. तिथंच राहिला. एकटा. आणखी काही काळे पेन्शनर त्या गावात होते. एका ओळीत सांगायचं तर, आयुष्यभर ज्या किल्ल्याचं बिगुल ऐकलं, त्याच्याच ऐकण्याच्या अंतरावर म्हातारा होत गेला. दरम्यान १८९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं प्लेसी खटल्यात निकाल दिला होता की काळ्यांना वेगळा डबा देणं घटनेला धरून आहे. वेगळा डबा, वेगळा नळ, वेगळी शाळा. आपल्याला हे शब्द भाषांतर करून सांगावे लागत नाहीत.

१९०४च्या शरदात जॉर्डन आजारी पडला. डॉक्टरनं त्याला फोर्ट रॉबिन्सनच्या दवाखान्यात घ्या म्हणून विनंती केली. जागा नाही, असं उत्तर आलं. सांगण्यात आलं की वॉशिंग्टनला माजी शिपायांचं घर आहे, तिकडं जा. नेब्रास्का कुठं आणि वॉशिंग्टन कुठं! अर्धा देश ओलांडून जायचं, तेही मरणाला टेकलेल्या माणसानं. २४ ऑक्टोबर १९०४ला तो घरी मेला. वय सत्तावन्नच्या आसपास. किल्ल्यावरच्या पाद्र्यानं रिपोर्टात स्वच्छ लिहिलं की योग्य ती देखभाल न मिळाल्यानं हा माणूस मेला, त्याचं करायला घरात कुणी नव्हतं. मेडल ऑफ ऑनरबरोबर तेव्हा एक पैसा पेन्शन नव्हतं. त्या पदकासाठी खास पेन्शनचा कायदा झाला १९१६ साली. तोवर जॉर्डनला जाऊन बारा वर्षं झाली होती.

आणि मग काय केलं? पूर्ण लष्करी इतमामात दफन! जिवंतपणी खाट मिळाली नाही, मेल्यावर सलामी मिळाली. पुढं किल्ला बंद झाला, तेव्हा त्याच्या अस्थी फोर्ट मॅकफर्सनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत हलवल्या. आज तिथं त्याच्या नावाचा दगड आहे. शिरगणतीत ज्याला नाव नव्हतं, त्याला दगडावर नाव मिळालं. मधल्या सत्तावन्न वर्षांत जे मिळायला पाहिजे होतं, ते मागायची सोय नव्हती.

आता आपल्याकडं या.

१ जानेवारी १८१८, कोरेगाव भीमा. जयस्तंभावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यातली २२ 'नाक' लागलेली. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथं गेले आणि तेव्हापासून तो दगड आपला झाला. कंपनीनं आपल्या विजयासाठी उभारलेला दगड आपण आपल्या माणसांसाठी वाचला. हे वाचणं फार महत्त्वाचं. पण ज्यांनी दगड उभा केला, त्यांनी पुढं काय केलं? १८९०च्या दशकात 'लढाऊ जाती' नावाचं थोतांड काढून महारांची भरती बंद केली. कालपर्यंत लढले ते आज अचानक लढाऊ नाहीत! १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेला, भारतमंत्र्याला अर्ज लिहिला. अर्जांत काय होतं? आम्ही लढलो, आमचं रक्त सांडलं, आम्हाला परत घ्या. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडली. दुसरं महायुद्ध आलं, १९४१ साली महार रेजिमेंट उभी केली. गरज पडली की लढाऊ. गरज संपली की महार.

आणि घोडदळ? त्यात तर आपला शिरकावच नव्हता. हिंदुस्थानी रिसाल्यात बहुतेक ठिकाणी शिलेदारी पद्धत होती. शिपायानं घोडा आणि सामान आपलं आणायचं, नाहीतर त्याचे पैसे भरायचे. ज्याच्या घरी जमीन, त्याच्या घरी घोडा. ज्याच्या घरी घोडा, तोच घोडेस्वार. गावकुसाबाहेरच्या माणसानं घोडा आणायचा कुठून? वतनाची महारकी मिळायची, तीत भाकरतुकडा असायचा, मेलेलं ढोर असायचं. जिवंत घोडा नसायचा. जॉर्डनला सरकारी घोडा मिळाला, म्हणून एक गुलाम घोडेस्वार झाला. आपल्याकडं दारावरच जातीचा पहारेकरी उभा होता. आणि शौर्यपदकाचं म्हणाल तर व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना खुला झाला तोच १९११ साली.

आमच्या चाळीत एक पेन्शनर होते. सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. होते ते नाईक, पण चाळीनं त्यांना प्रमोशन दिलं होतं. दर १ तारखेला मिशा पिळून, बूट चमकवून पेन्शन आणायला जायचे. आम्ही पोरं त्यांना विचारायचो, सुभेदारबाबा, किती माणसं मारली? एकदा म्हणाले, "मोजली नाहीत. पण त्या बूटातनं गावात गेलो, तवा पाटलानं पयल्यांदा बस म्हटलं. पायरीवर का होईना." मी तेव्हा हसलो होतो. आता त्या वाक्याचं हसू येत नाही. बर्मात जाऊन बंदूक चालवायची, कशासाठी? गावात पायरीवर बसायला मिळावं म्हणून. एवढं महाग बसणं जगात दुसऱ्या कुणाला पडलं असेल?

पण त्याच बूटाची दुसरी बाजू आहे, तीही सांगतो. रामजी सुभेदार लष्करातले. लष्करी शाळेत हेडमास्तर होते. बाबासाहेब जन्मले १८९१ साली महूच्या छावणीत. कंपनीच्या फौजेत शिपायाला आणि त्याच्या पोरांना शिक्षण मिळायचं. त्या फौजेनं आपल्याला बंदूक दिली ती तिच्या कामासाठी, पण पाटी-पेन्सिलही दिली. बंदूक तिनं परत घेतली. पाटी घेता आली नाही. जॉर्डनलाही फौजेनं अक्षर दिलं. बंदुकीपेक्षा अक्षर जास्त टिकलं, हा दोन्ही गोष्टींतला समान धागा. बाबासाहेबांनी १९४६ साली डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली. छावणीत जन्मलेल्या पोरानं तिकडच्या पोरांशी अक्षरातून हात मिळवला.

आता शेवटचा मुद्दा. जॉर्डन भरती झाला १८६६ साली. बरोबर शंभर वर्षांनी, १९६६च्या ऑक्टोबरात, ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी त्यांच्याकडूनच नाव घेतलं. त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमातली भाकरी, घर, शिक्षण ही कलमं आपल्याला पाठ आहेत. सहावं कलम किती जणांनी वाचलंय? त्यात मागणी आहे की काळ्या माणसांना लष्करी नोकरीतून सूट द्या. जे सरकार आमचं रक्षण करत नाही, त्याच्यासाठी आमच्यासारख्याच रंगाच्या लोकांवर आम्ही गोळी चालवणार नाही. १९६७ साली मुहम्मद अलीनं व्हिएतनामच्या भरतीला नकार दिला. त्याचा किताब काढून घेतला, ऐन उमेदीची तीन वर्षं रिंगणाबाहेर ठेवलं. शंभर वर्षांपूर्वी जॉर्डनची पोरं म्हणत होती, आम्हाला फौजेत घ्या. शंभर वर्षांनी त्यांची नातवंडं म्हणाली, नाही येत.

काही लोक म्हणतात, हा उलटा प्रवास झाला. मी म्हणतो, रस्ता एकच, मुक्काम पुढचा. आत जायला ज्याला बंदी आहे, त्यानं आधी दार ठोठावायचं असतं. वलंगकरांनी ठोठावलं, कांबळ्यांनी ठोठावलं, त्यांना आपण लाचार म्हणायचं नाही. दार उघडल्यावर मात्र आत काय चाललंय ते बघायचं असतं, आणि गरज पडली तर नाही म्हणायचं असतं. नकार द्यायचा हक्कही, ज्याला आधी होकार मिळालाय, त्यालाच असतो.

म्हणून मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. आपल्या घरातले, वस्तीतले जे कुणी पलटणीत होते, त्यांची कागदपत्रं शोधा. डिस्चार्जचं पुस्तक, पेन्शनचा कागद, ट्रंकेच्या तळाशी पडलेलं पदक. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून ऐका आणि लिहून काढा. दुसरी गोष्ट, लिहिताना समोर कोण होतं, तेही लिहा. कुणाविरुद्ध नेलं, कशासाठी नेलं, कुणाची जमीन कुणाला मिळाली. नुसतं 'आम्ही शूर' लिहून थांबलात तर आपला इतिहास दुसऱ्याच्या जयस्तंभाची तळटीप होईल. आणि तिसरी, आज जिथं कुठं एका पिचलेल्याच्या हातात काठी देऊन दुसऱ्या पिचलेल्यावर सोडतात, आदिवासींवर, मुसलमानांवर, आपल्यातल्याच दुसऱ्या जातीवर, तिथं सर्व्हेचं टेबल घेऊन मागून कोण येतंय, ते आधी बघा.

जॉर्डनच्या शौर्याला माझा सलाम आहे. व्हिक्टोरिओच्या झऱ्यांनाही आहे. दोघांना एकाच वेळी सलाम करता येत नाही, असं सांगणाऱ्यानंच त्या दोघांना एकमेकांवर घातलं होतं.

जय भीम.